घरात एकटं उरलेलं मूल: धारपांच्या ‘आजी’पासून ‘मुंज्या’पर्यंत

13 सप्टेंबर 2024 रोजी ‘तुंबाड’ पुन्हा चित्रपटगृहांत लागला. 12 ऑक्टोबर 2018ला तो पहिल्यांदा प्रदर्शित झाला तेव्हा बेतास बात चालला होता. सहा वर्षांनी मात्र लोक रांगा लावून गेले आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई दुसऱ्या खेपेला झाली. त्याच वर्षी जूनमध्ये ‘मुंज्या’ आला आणि तोही जोरात चालला. दोन्ही चित्रपट हिंदी, पण दोन्हींची मुळे मराठी. दोन्हींत भीतीचे घर कोकणात आहे आणि त्या भीतीपासून लांब गेलेले कुटुंब पुण्यात राहते. दोन्हींत एक मूल आहे, एक म्हातारी आहे आणि मोठ्यांनी लपवून ठेवलेले एक घरगुती गुपित आहे.

या यशामुळे एक जुना प्रश्न नव्याने समोर येतो. लहानपणीच्या भीतीवरची गाजलेली कथा पडद्यावर नव्याने उभी करायची, तर त्या कथेतले नेमके काय जपायचे? भूत जपायचे, वातावरण जपायचे, की त्या भुतासमोर उभे असलेले मूल? गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मराठी माणसांनी केलेल्या किंवा मराठी साहित्यातून निघालेल्या अशा प्रयत्नांकडे ओळीने पाहिले, तर उत्तर बरेच स्पष्ट दिसते. ज्यांनी मुलाची भीती खरी मानली आणि त्या मुलाला एकटे कोणी पाडले हे विचारले, त्यांची कलाकृती टिकली. ज्यांनी फक्त भूत उचलले, त्यांच्या हाती चमत्कृती उरली.

एका कथेचा लांबचा प्रवास

या साखळीच्या मधोमध नारायण धारप आहेत. 1925 साली जन्मलेले आणि 2008 साली पुण्यात निवर्तलेले धारप हे मराठी भयकथेचे सर्वांत वाचले गेलेले लेखक. शिक्षणाने ते विज्ञानाचे पदवीधर, त्यामुळे त्यांच्या कथांतली अघटिते नेहमी अगदी मोजक्या, जवळजवळ प्रयोगवहीतल्यासारख्या भाषेत येतात. गावोगावच्या वाचनालयांत त्यांच्या पुस्तकांसाठी नंबर लावावा लागे. ‘समर्थ’ हे त्यांचे पात्र एका अख्ख्या पिढीला रात्री दिवा लावून झोपायला लावून मग धीरही देत असे.

धारपांनी इंग्रजी भयसाहित्य भरपूर वाचले होते आणि त्यातले बरेच मराठी घरात आणून बसवले. त्यांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर, तर ‘शपथ’ त्याच्याच ‘इट’वर आधारलेली आहे. ‘आजी’ या कथेचे मूळही किंगच्या ‘ग्रॅमा’ या कथेत आहे. ‘ग्रॅमा’ 1984 साली छापून आली आणि पुढच्या वर्षी ‘स्केलेटन क्रू’ या संग्रहात गेली. किंगच्या लहानपणी त्याची आई आपल्या थकलेल्या आईवडिलांची देखभाल करायला मेन राज्यातल्या डरहॅम गावी राहायला गेली होती. म्हणजे अंथरुणाला खिळलेली म्हातारी आणि घरात वावरणारी लहान मुले हे त्याच्या घरातले खरे चित्र होते.

कथेचा सांगाडा साधा आहे. मोठ्या भावाला अपघात होतो, आई त्याच्याकडे दवाखान्यात धावते. अकरा वर्षांचा जॉर्ज अंथरुणावरच्या आजीसोबत घरात एकटा राहतो. आजीबद्दल मोठी माणसे दबक्या आवाजात बोलत आलेली असतात आणि त्यातले अर्धेमुर्धेच त्याच्या कानांवर पडलेले असते. मग आजीचा श्वास थांबतो. मग ती उठते. मावशी फोनवरून त्याला हस्तुर या नावाचा आधार घेऊन आजीला निजवायला सांगते. तेही नाव किंगचे नव्हे. अँब्रोज बिअर्सने 1891च्या एका कथेत ते मेंढपाळांच्या सौम्य देवाला दिले होते. रॉबर्ट चेंबर्सने ते 1895मध्ये उचलले, पुढे लव्हक्राफ्ट आणि त्याच्या अनुयायांच्या हाती ते भयंकर झाले. ‘तुंबाड’मधला हस्तर, सोन्याचा आणि धान्याचा हावरा, देवीचा पहिला आणि लाडका मुलगा, हा याच नावाचा कोकणात पोचलेला अवतार.

अशी वंशावळ सांगितली की काहींना वाटते, मग यात आपले काय उरले? हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. मूळ लेखकाचे नाव ठळकपणे छापले जाणे हा प्रामाणिकपणाचा भाग आहे आणि मराठी प्रकाशनव्यवहार त्या बाबतीत पूर्वी फारसा काटेकोर नव्हता. पण उसने घेतलेल्या सांगाड्यात धारपांनी जे भरले ते त्यांचे स्वतःचे. किंगच्या घरात मूल एकटे पडते कारण घर रस्त्यापासून दूर असते आणि शेजार नसतो. मराठी घरात शेजार असतो, माणसे असतात, देवघर असते. तिथे मूल एकटे पडते ते घरच्यांनी तोंड बंद ठेवल्यामुळे. त्याला सगळे दिसत असते, पण विचारायची सोय नसते. मराठी भयकथेत आलेली ही भर फार मोलाची आहे, आणि पुढे चित्रपटाने हीच उचलली.

एकाच कथेचे तीन पडदे

‘ग्रॅमा’ पडद्यावर तीनदा आली आणि तिन्ही वेळा वेगळी झाली, म्हणून तुलनेला हे उदाहरण फार उपयोगी आहे. 1986मध्ये अमेरिकेत ‘ट्वायलाइट झोन’ या मालिकेच्या एका भागात हार्लन एलिसनच्या पटकथेवरून ती दाखवली गेली. तिथे मुलाच्या मनातले विचार आपल्याला ऐकू येतात, घर जवळजवळ त्याच्या डोक्यातच उभे राहते आणि शेवटी आजी मुलात शिरते. छोट्या अवधीत हा भाग कथेशी इमान राखतो. 2014मध्ये ‘मर्सी’ नावाचा पूर्ण लांबीचा चित्रपट झाला. त्याने लांबी भरून काढण्यासाठी आजीचे पूर्वायुष्य आणि तिने केलेला करार तपशिलात सांगितला. जितका खुलासा वाढला, तितकी भीती ओसरली, कारण मुलाला न कळणे हाच कथेचा प्राण होता.

राही अनिल बर्वे यांनी तिसरा मार्ग घेतला. ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणारे अनिल बर्वे हे त्यांचे वडील. 1993 साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने राहींना धारपांची कथा तोंडी सांगितली आणि ती त्यांच्या मनातून गेली नाही. 1997 साली त्यांनी पहिला खर्डा लिहिला. प्रत्यक्ष चित्रीकरण 2012मध्ये सुरू झाले. मग पुनर्लेखन, पुन्हा चित्रीकरण, आनंद गांधी यांचा सहभाग, निर्माता आणि नायक म्हणून सोहम शाह यांची चिकाटी, असे करत 2018मध्ये व्हेनिस महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहाचा पडदा या चित्रपटाने उघडला. तो मान मिळालेला हा पहिला भारतीय चित्रपट.

‘तुंबाड’चे पहिले प्रकरण 1918 सालचे आहे आणि ते ‘आजी’च्या सांगाड्यावर उभे आहे. दोन भाऊ, साखळदंडाने बांधलेली म्हातारी, झाडावरून पडून जखमी झालेला सदाशिव, त्याला घेऊन पावसात निघालेली आई, आणि घरात एकटा विनायक. म्हातारी जागी झाली तर काय म्हणायचे हे त्याला शिकवलेले आहे, पण ऐन वेळी ते आठवणे कठीण. हे प्रकरण संपते तिथे किंगची आणि धारपांची कथा संपली असती. बर्वे तिथून पुढे निघतात. सदाशिव मेला आहे. आई विनायकला पुण्याला घेऊन जाते आणि तुंबाडला पुन्हा पाऊल ठेवणार नाही असे वचन त्याच्याकडून घेते. पुढचे प्रकरण 1933चे. विनायक पुण्यात संसार थाटून बसला आहे, डोक्यावर कर्ज आहे, आणि वचन मोडून तो त्याच घरात परत जातो. ज्या म्हातारीने त्याला मरणाच्या दारात नेले होते, तिलाच तो खजिन्याचा पत्ता विचारतो. 1947च्या प्रकरणात तो आपल्या मुलाला, पांडुरंगला, खजिना असलेल्या विहिरीसारख्या गाभ्यात उतरायला शिकवतो.

माझ्या मते ‘तुंबाड’चे खरे मोठेपण इथे आहे. भ्यालेले मूल मोठे होऊन काय करते, हा प्रश्न मूळ कथेने विचारला नव्हता. आजी मुलात शिरते हा ‘ग्रॅमा’चा अलौकिक शेवट बर्वे यांनी लौकिक करून टाकला. विनायकमध्ये कोणतेही भूत शिरत नाही. त्याच्यात त्या वाड्यातल्या खजिन्याची हाव शिरते, आणि ती तो वारशासारखी पुढे द्यायला निघतो. शेवटी पांडुरंग बापाने पुढे केलेली मोहरांची लंगोटी नाकारतो. भीतीच्या साखळीतली कडी तोडण्याचे काम एका मुलाच्या हातून होते. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या 1987च्या कादंबरीकडून चित्रपटाने नाव घेतले आहे, कथा घेतलेली नाही. तरीही खोतांच्या घराण्याचा ऱ्हास हे जे कोकणच्या साहित्याचे जुने दुखणे, ते नावाबरोबर चित्रपटात उतरले आहे.

‘इट’ आणि काळ बदलण्याची कसोटी

बाहेरच्या जगात लहानपणीच्या भीतीवरची सर्वांत गाजलेली कादंबरी म्हणजे किंगची ‘इट’. 1986 सालची, हजारावर पानांची. दर सत्तावीस वर्षांनी परतणारे एक अघोरी अस्तित्व, त्याला सामोरी गेलेली सात मुले, आणि मोठेपणी शपथ पाळायला परत आलेली तीच माणसे. 1990मध्ये तिची दूरचित्रवाणी मालिका झाली. 2017 आणि 2019मध्ये अँडी मुशिएटी यांनी दोन चित्रपट केले. कादंबरीत मुले आणि मोठी माणसे यांचे काळ एकमेकांत विणलेले आहेत. चित्रपटांनी ते वेगळे केले आणि मुलांचा काळ 1958वरून 1989वर आणला. पहिला चित्रपट सरस ठरला याचे कारण त्यातली मुले जिवंत आहेत. बाप, आई, शाळेतले दांडगट यांची भीती आणि विदूषकाची भीती त्यांच्यासाठी एकच आहे. दुसऱ्या भागात मोठी माणसे नुसती आठवत बसतात आणि राक्षस आकाराने वाढत जातो.

काळ बदलायला हरकत नाही, उलट तो बदलावाच लागतो, कारण प्रत्येक पिढीची मुले वेगळ्या गोष्टींना भितात. बदलू नये ते एकच: मोठ्यांना ते अघोरी अस्तित्व दिसत नाही किंवा ते पाहायचे नाकारतात, ही जुळणी. धारपांच्या ‘शपथ’चे सामर्थ्यही मुलांनी आपापसांत घेतलेल्या शब्दात आहे. मोठ्यांचा भरवसा संपला की मुलांना एकमेकांचाच भरवसा उरतो.

बाहुला आणि चेटकीण

आता दुसऱ्या वाटेचे प्रयत्न. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ 1993चा. ‘चाइल्ड्स प्ले’ या 1988च्या अमेरिकी चित्रपटातली कल्पना त्यात आहे: मरणाऱ्या गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरतो. मूळ चित्रपटात तो बाहुला सहा वर्षांच्या मुलाला वाढदिवसाची भेट म्हणून मिळतो आणि मुलाचे कोणी ऐकत नाही. कोठारे यांनी बाहुला लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या लक्ष्याच्या हाती दिला, म्हणजे एका मोठ्या, बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या तरुणाच्या हाती. मूल कथेतून निघाले आणि भयपटाचा विनोदी चित्रपट झाला. तो उत्तम जमला, यात वाद नाही. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचू आजही मराठी मुलांना ठाऊक आहे. गंमत म्हणून पाहिलेल्या या चित्रपटाने नव्वदीतल्या कितीतरी मुलांची झोप उडवली, कारण पडद्यावरून काढून टाकलेले मूल प्रेक्षागृहात बसलेले होते.

तात्या विंचू साकारणारे दिलीप प्रभावळकर यांनी त्याआधी रंगभूमीवर मुलांना दुसरी भीती दिली होती. रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातली चेटकीण त्यांची. 2018मध्ये चिन्मय मांडलेकर यांच्या दिग्दर्शनात हे नाटक पुन्हा आले आणि वैभव मांगले यांच्या चेटकिणीला नव्या मुलांनी डोक्यावर घेतले. मतकरी मोठ्यांसाठी काळजाचा ठोका चुकवणाऱ्या गूढकथा लिहीत आणि मुलांसाठी नाटके. दोन्हींत त्यांनी मुलांच्या समजुतीला कमी लेखले नाही. बालनाट्यात मूल चेटकिणीला घाबरते आणि त्याच प्रयोगात तिला हरवतेही. नाट्यगृहात शेजारी आई बसलेली असते. भीती सोसण्याचा सराव मुलाला असा सुरक्षित मिळतो, आणि त्याचे मोल पडद्यावरच्या कोणत्याही तंत्राहून कमी नाही.

विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ 2017मध्ये प्रदर्शित झाला. गरोदर नेहा आणि तिचा नवरा उसाच्या शेतातल्या एका घरात आसऱ्याला येतात आणि तिला लपाछपी खेळणारी मुले दिसू लागतात. इथे प्रेक्षकाने आधी त्या मुलांनाच घाबरायचे असते, पण ती मुलेच बळी आहेत हे हळूहळू उलगडते. गर्भातल्या मुलींना मारणाऱ्या घराचे गुपित बाहेर येते. स्वतः फुरिया यांनी 2021मध्ये ‘छोरी’ या नावाने हिंदीत त्याची पुनर्निर्मिती केली. उसाचे शेत कायम राहिले, निर्मितीचा आवाका वाढला. मूळ चित्रपटातली घट्ट, गुदमरवणारी जवळीक मात्र मराठीतच अधिक आहे, कारण पूजा सावंत आणि उषा नाईक यांच्यामधले बोलणे हे आपल्या माजघरातले बोलणे आहे.

आदित्य सरपोतदार यांच्या ‘मुंज्या’त 1952 सालचा गोट्या मुंजीनंतर काही दिवसांत मरतो आणि झाडावर वस्ती करतो. मुंज झालेला आणि सोडमुंज न झालेला मुलगा मेला तर पिंपळावर मुंजा होऊन राहतो, ही समजूत महाराष्ट्रात घरोघरी होती. पुण्यातल्या बिट्टूला तो दिसू लागतो तेव्हा कळते की त्याची आजी हीच गोट्याची बहीण. घरातल्या म्हातारीने आयुष्यभर पोटात ठेवलेले गुपित नातवाच्या वाट्याला आले. कथेचा हा गाभा फार मोलाचा होता. चित्रपट त्याला पुरेसा वेळ देत नाही, विनोद आणि संगणकी करामतीकडे घाईने वळतो. सुहास जोशी यांच्या वाट्याला आलेल्या थोड्या प्रसंगांत जे वजन आहे, ते उत्तरार्धातल्या धावपळीत नाही.

दाखवावे किती

भयकथा वाचताना भूत आपणच घडवतो. पडदा ते घडवून देतो, म्हणून प्रत्येक रूपांतरापुढे दाखवण्याच्या मापाचा प्रश्न असतो. ‘तुंबाड’ने त्याचे उत्तर फार विचाराने दिले. पहिल्या प्रकरणात म्हातारी उजेडात येण्याआधी आपण तिच्या साखळ्या, तिचे घोरणे आणि दारामागचा अंधार अनुभवतो. पंकज कुमार यांचे छायाचित्रण ढगाळ, ओल्या प्रकाशावर तोललेले आहे आणि त्यासाठी पावसाळ्यांची वाट पाहिली गेली. सासवडच्या पुरंदरे वाड्याचे दगड, चिखल, शेवाळ ही खरी जागा आहे. म्हातारीची भूमिका आणि पांडुरंगची भूमिका एकाच मुलाने, मोहम्मद समाद याने केली. मुलाच्याच शरीरावर म्हातारपणाचा मुखवटा चढवला, म्हणून तिच्या हालचाली इतक्या विचित्र आणि तरीही जिवंत वाटतात. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनिरचना या तिन्हींसाठी चित्रपटाला फिल्मफेअर पुरस्कार मिळाले ते योग्यच. लहान मूल भीती आधी कानाने घेते, हे या ध्वनिरचनेने ओळखले होते.

प्रमाणपत्राचा मुद्दाही विचारात घ्यावा लागतो. ‘तुंबाड’ला फक्त प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळाले, आणि ‘इट’वरही अमेरिकेत वयाची बंधने होती. मुलांबद्दलच्या या कथा मुलांनी पाहायच्या नाहीत, असा त्याचा अर्थ होतो. रक्त आणि क्रौर्य पाहता ही काळजी समजते. पण मग मुलांसाठी खरे, प्रामाणिक भय कोण देणार? मतकरींच्या नंतर ती जागा मराठीत रिकामी पडत चालली आहे. मुलांच्या वाट्याला एकतर बोधकथा येतात, नाहीतर मोबाइलवर कोणाच्याही देखरेखीविना मोठ्यांचे भयपट येतात.

पुढचे काम

या सगळ्यांतून एक गोष्ट मला मनापासून मांडायची आहे. धारपांची कथा पुण्यात, मराठीत लिहिली गेली, तिच्यावरून उभा राहिलेला सर्वांत मोठा चित्रपट मात्र हिंदी बोलतो. निर्मितीच्या खर्चाची गणिते खरी आहेत आणि बर्वे यांच्या कामाचे मोल भाषेमुळे रतिभर कमी होत नाही. तरीही माजघरात दबक्या आवाजात जे बोलले जाते, त्याची भाषा मराठी आहे. आई ज्या सुरात ‘गप्प बस’ म्हणते, त्या सुरात अर्धी भीती असते. म्हणून ‘शपथ’ किंवा ‘लुचाई’ मराठी पडद्यावर यायला हवी, मोठ्या मालिकेच्या रूपात, मूळ स्रोतांची नावे आणि हक्क नीट सांभाळून.

ती करणाऱ्यांसाठी या आढाव्यातून निघणारी कसोटी अवघड नाही. पटकथेतून भूत क्षणभर बाजूला काढून पाहावे. त्यानंतरही मुलाची गोष्ट उभी राहते का, घराचे गुपित बोचते का, मोठ्यांच्या गप्प राहण्याची किंमत दिसते का, हे तपासावे. ‘तुंबाड’ या कसोटीला पूर्ण उतरतो, ‘लपाछपी’ बऱ्याच अंशी, ‘मुंज्या’ अर्धवट. आपल्या घरांतली मुले आजही न सांगितलेल्या गोष्टींना भितात: वाटणीवरून झालेली भांडणे, कर्ज, कोणाचे तरी आजारपण, कोणाचा तरी मार. त्या भीतीला चेहरा देणे आणि ती बोलून दाखवण्याचे धैर्य मुलाला देणे, यासाठीच या जुन्या कथा पुन्हा पुन्हा सांगायच्या असतात.